माहितीकेंद्रातील भाषांतर : जपानच्या पर्यटनव्यवस्थेचा एक भाषावैज्ञानिक विचार

परदेशात उतरलेल्या प्रवाशाला दोन गोष्टी ठाऊक नसतात. एक तो प्रदेश. आणि दुसरी, त्या प्रदेशाविषयी प्रश्न कसा विचारावा ही. पहिले अज्ञान नकाशा, वेळापत्रक व मार्गदर्शिका यांनी बऱ्याच अंशी दूर होते. दुसरे मात्र छापील साहित्याने दूर होत नाही. कारण ज्याला आपला प्रश्नच नेमका मांडता येत नाही, त्याला पुस्तकातील कोणते पान उघडावे हेही कळत नाही. पर्यटकांसाठी चालविली जाणारी माहितीकेंद्रे ही सामान्यतः पहिल्या अज्ञानावरील उपाय समजली जातात. वस्तुतः त्यांचे खरे कार्य दुसऱ्या अज्ञानाशी निगडित असून ते स्वरूपतः भाषिक आहे.

रोमान याकोबसन याने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात भाषांतराचे तीन प्रकार सांगितले. एकाच भाषेत एका शब्दरचनेच्या जागी दुसरी योजणे हा पहिला. एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत नेणे हा दुसरा. आणि भाषिक चिन्हाचा अर्थ भाषेतर चिन्हात, उदाहरणार्थ चित्रात, उतरविणे हा तिसरा. साहित्याच्या अभ्यासात यांपैकी दुसऱ्या प्रकारालाच महत्त्व लाभले आहे. माहितीकेंद्राच्या व्यवहारात मात्र हे तिन्ही प्रकार शेजारीशेजारी चालू असतात. शिवाय तेथील भाषांतराची कसोटी अत्यंत रोकडी असते : विचारणारा माणूस इच्छित स्थळी पोहोचला की नाही. या तिन्ही प्रकारांचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्यास जपानचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. तेथील लिपी बहुसंख्य परकीयांना वाचता येत नाही, पत्त्यांची पद्धती निराळी आहे, आणि परकीय पर्यटकांची संख्या थोड्या काळात फार वाढली आहे. १९१३ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१३ साली ही संख्या प्रथमच १ कोटीच्या पुढे गेली. २०१८ मध्ये तिने ३ कोटींचा टप्पा ओलांडला आणि २०२४ मध्ये ती ३ कोटी ६८ लाखांवर पोहोचली.

व्यवस्थेचे स्वरूप

जपानी भाषेत पर्यटनाला ‘कान्को’ म्हणतात. हा शब्द ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातील एका वचनावरून आला असून ‘देशाचे तेज पाहणे’ असा त्याचा मूळ आशय आहे. पर्यटकांच्या माहितीकेंद्राला ‘कान्को आन्नाइजो’, म्हणजे पर्यटनाविषयी वाट दाखविण्याची जागा, असे नाव आहे. परकीय पाहुण्यांच्या संघटित स्वागताची परंपरा जपानमध्ये जुनी आहे. १८९३ साली ‘किहिन्काइ’ ही स्वागतमंडळी स्थापन झाली, १९१२ साली ‘जपान टूरिस्ट ब्यूरो’ आला, आणि तोक्योच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वर्षी, १९६४ मध्ये, आजच्या राष्ट्रीय पर्यटन संघटनेचा पाया घातला गेला.

या संघटनेने २०१२ पासून देशभरातील माहितीकेंद्रांना प्रमाणपत्र देण्याची पद्धती सुरू केली. केंद्रांच्या तीन श्रेणी ठरविण्यात आल्या. सर्वांत वरच्या श्रेणीतील केंद्रात इंग्रजी जाणणारा कर्मचारी सदैव उपस्थित असावा लागतो, इंग्रजीखेरीज आणखी काही भाषांत उत्तरे देण्याची सोय लागते आणि संपूर्ण देशाविषयी माहिती देता यावी लागते. मधल्या श्रेणीत इंग्रजी जाणणारा कर्मचारी आवश्यक असतो, परंतु माहितीची कक्षा आसपासच्या विस्तृत प्रदेशापुरती असते. सर्वांत खालच्या श्रेणीत स्थानिक माहिती पुरते, आणि इंग्रजीसाठी दूरध्वनीवरील दुभाष्याचे साहाय्यही चालते. माहिती निःपक्षपातीपणे दिली जावी, अशीही अट आहे. आणि येथेच माहितीकेंद्र प्रवासविक्रेत्याच्या दुकानापासून वेगळे होते.

या वर्गीकरणात श्रेणी ठरते ती इमारतीच्या भव्यतेवरून नव्हे, तर दोन मापांवरून : किती भाषांत बोलता येते आणि किती दूरवरचे सांगता येते. माहितीकेंद्र ही मुळात बोलण्याची जागा आहे, हे या व्यवस्थेने गृहीत धरले आहे.

चित्रांची भाषा आणि तिची सीमा

याकोबसनचा तिसरा प्रकार प्रथम विचारात घेऊ. १९६४ च्या ऑलिंपिकपुढे भाषेचा प्रश्न उभा होता, कारण येणाऱ्या बहुसंख्य पाहुण्यांना जपानी लिपी अपरिचित होती. कात्सुमी मासारु यांच्या नेतृत्वाखाली संकल्पकांनी २० क्रीडाप्रकारांसाठी आणि त्यांखेरीज स्वच्छतागृह, दूरध्वनी यांसारख्या सोयींसाठी चित्रचिन्हे तयार केली. पुढील ऑलिंपिक सामन्यांनी हीच वाट धरली. अमेरिकेत १९७४ साली वाहतूकस्थळांसाठी ३४ चिन्हांचा संच प्रसिद्ध झाला आणि १९८० साली सार्वजनिक चिन्हांचे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम प्रकाशित झाले.

चित्र सर्वांना सारखेच कळते, असा एक समज या चळवळीच्या मुळाशी होता. तो अर्धाच खरा ठरला. जपानमध्ये उष्ण पाण्याच्या झऱ्यासाठी, म्हणजे ‘ओन्सेन’साठी, एक जुने चिन्ह आहे : लंबवर्तुळाकार कुंड आणि त्यातून वर जाणाऱ्या वाफेच्या तीन रेषा. जपानी मनुष्याला त्यात स्नान दिसते. परकीयाला मात्र त्यात वाफाळलेल्या अन्नाचा वाडगा दिसू शकतो, असा आक्षेप पुढे आला. पाण्यात बसलेल्या तीन माणसांचे आंतरराष्ट्रीय चिन्ह त्या जागी आणावे, असा विचार २०१६ मध्ये झाला. त्याला ओन्सेनच्या गावांकडून विरोध झाला, आणि २०१७ च्या सुधारित राष्ट्रीय मानकात दोन्ही चिन्हांना मान्यता देऊन वाद मिटविण्यात आला.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. जपानी नकाशांत बौद्ध मंदिराची जागा ‘मान्जी’ या चिन्हाने, म्हणजे वामावर्त स्वस्तिकाने, दाखविली जाते. हे चिन्ह पाहून पाश्चात्त्य प्रवाशाला नाझी राजवटीची आठवण होईल, म्हणून परकीयांसाठीच्या नकाशांत त्याऐवजी तीन मजली पॅगोड्याचे चित्र वापरावे, असा प्रस्ताव २०१६ च्या आरंभी आला. त्यावर बरीच चर्चा झाली. चिन्ह ज्यांचे आहे त्यांनी आपला अर्थ सोडावा, की पाहुण्याने तो शिकून घ्यावा, हा त्या चर्चेचा गाभा होता. उंबऱ्यावर स्वस्तिक काढणाऱ्या समाजाला हा प्रश्न परका नाही.

या दोन्ही उदाहरणांवरून असे दिसते की चित्रचिन्हालाही वाचकसमाज लागतो. त्याचा अर्थ रेषांत नसून पाहणाऱ्याच्या पूर्वपरिचयात असतो. म्हणून चित्र हे भाषेला पर्याय नसून भाषेकडे नेणारा पहिला टप्पा होय. जपानच्या प्रमाणित चिन्हांतील एक भेद या संदर्भात अत्यंत अर्थपूर्ण आहे. जेथे नुसती माहिती ठेवलेली असते, त्या जागेसाठी रोमन ‘आय’ या अक्षराचे चिन्ह आहे; जेथे विचारता येते आणि उत्तर मिळते, त्या जागेसाठी प्रश्नचिन्ह आहे. माहिती असणे आणि विचारता येणे या दोन भिन्न सोयी आहेत, हे त्या दोन चिन्हांनी स्पष्ट केले आहे.

नावे : उच्चारावी की अर्थ सांगावा?

भाषांतराचा दुसरा प्रकार स्थलनामांत कसोटीला लागतो. तोक्योतील संसदभवनाजवळच्या रस्त्यावरील फलकांवर ‘कोक्काइ’ हा जपानी शब्दच रोमन अक्षरांत लिहिलेला असे. ज्याला जपानी येते त्याला रोमन अक्षरांची गरज नाही. आणि ज्याला गरज आहे त्याला ‘कोक्काइ’ म्हणजे काय ते कळत नाही. २०१३ मध्ये असे फलक बदलून संसदेचा इंग्रजी पर्याय लिहिण्याचे ठरले. केवळ लिप्यंतर म्हणजे भाषांतर नव्हे, ही गोष्ट येथे प्रशासनाने मान्य केली.

परंतु केवळ अर्थ देऊनही भागत नाही. क्योतो येथील ‘कियोमिझु-देरा’ या नावात ‘देरा’ म्हणजे मंदिर. ‘कियोमिझु’ म्हणजे शुद्ध पाणी. नावाचे पूर्ण भाषांतर करून ‘शुद्धजल मंदिर’ असा फलक लावला, तर प्रवाशाला अर्थ कळेल. पण ते नाव घेऊन तो बसचालकाकडे गेला तर चालकाला काहीच बोध होणार नाही. म्हणून तेथे ‘कियोमिझु-देरा टेंपल’ असे लिहिले जाते. व्याकरणदृष्ट्या ही द्विरुक्ती आहे. ‘आराकावा रिव्हर’ याही नावात ‘कावा’ म्हणजे नदीच. उलट ‘त्सुकुबा-सान’ या पर्वताच्या नावात पर्वतवाचक ‘सान’ काढून ‘माउंट त्सुकुबा’ असे केले जाते, कारण ‘त्सुकुबा’ एवढ्या अंशावरूनही स्थानिक माणूस डोंगर ओळखतो. नामाचा वर्गवाचक अंश कोठे बदलावा आणि कोठे तो तसाच ठेवून परभाषेतील शब्द जोडावा, याविषयी जपानच्या भूमापन संस्थेने २०१६ मध्ये नियमच घालून दिले.

शुद्धतावाद्याला अशी द्विरुक्ती खटकेल. तथापि तिचे प्रयोजन ध्यानात घेतले पाहिजे. फलकावरील नाव दोन जणांसाठी असते : ते वाचणारा परकीय, आणि ते त्याच्या तोंडून ऐकणारा स्थानिक रहिवासी. अर्ध्या नावाने पहिल्याला अर्थ मिळतो, अर्ध्याने दुसऱ्याला ओळख पटते. सामान्य भाषांतरात मूळ शब्द लोप पावून नवा शब्द त्याची जागा घेतो. येथे मात्र दोघांनाही एकत्र नांदावे लागते, कारण वाचक आणि मूळ भाषिक यांची प्रत्यक्ष गाठ पडावयाची असते.

प्रश्नामागचा प्रश्न

फलक व चिन्हे यांच्या पलीकडे जे उरते ते माहितीकेंद्रातील कर्मचाऱ्याच्या वाट्याला येते. जपानमध्ये हे काम आणखी एका कारणाने अवघड आहे. तेथील बहुतेक नगरांत पत्ता रस्त्याच्या नावावर आधारलेला नसतो. वस्तीचे विभाग, विभागांतील चौकोनी गट आणि गटातील घरे यांना क्रमांक असतात. रस्ता हा त्या गटांमधील अनाम अवकाश होय. नागरी भागांतील निवासांच्या क्रमांकांविषयी १९६२ साली कायदा झाला, तरी मूळ तत्त्व तेच राहिले. ज्याला ‘अमुक रस्त्यावरील तमुक घर’ अशा पत्त्याची सवय आहे, त्याच्या हाती असा पत्ता दिला तरी त्यावरून त्याला वाट सापडत नाही. त्यामुळे पत्त्याचे मार्गात रूपांतर करणे हेच येथे एक भाषांतर ठरते. चौकाचौकांतील पोलीसचौक्यांना, म्हणजे ‘कोबान’ना, वाट विचारण्याची जी रीत जपानमध्ये रूढ आहे, तिचे एक कारण हेच असावे.

कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये दर्शक शब्दांचे जे विवेचन केले, ते येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते. ‘येथे’, ‘डावीकडे’, ‘पुढे’ या शब्दांना स्वतंत्र अर्थ नसतो. बोलणारा जेथे उभा आहे त्या बिंदूपासून त्यांचा अर्थ सुरू होतो. मेजाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याची डावी बाजू ही प्रवाशाची उजवी असते. कुशल कर्मचारी नकाशा प्रवाशाच्या दिशेने वळवून ठेवतो, त्यावर ‘आपण येथे आहात’ अशी खूण करतो आणि मगच बोलू लागतो. म्हणजेच तो आपला आरंभबिंदू सोडून प्रवाशाचा स्वीकारतो. ही क्रिया शब्दांच्या आधी होते, पण तिच्याविना शब्द निरर्थक ठरतात.

प्रश्नाच्या बाबतीतही असेच घडते. ‘स्थानक कोठे आहे?’ या साध्या प्रश्नाला तोक्योत एकच उत्तर नसते, कारण एकाच नावाच्या परिसरात निरनिराळ्या रेल्वेसंस्थांची आणि भुयारी मार्गांची स्थानके असतात. म्हणून कर्मचारी आधी ‘आपणास कोठे जावयाचे आहे?’ असे विचारतो. विचारलेला प्रश्न आणि विचारावयाचा प्रश्न यांतील अंतर अशा उलट प्रश्नानेच मिटते. प्रश्नचिन्हाच्या केंद्राची गरज ती हीच. भाषांतरयंत्राला वाक्याचे भाषांतर करता येते. परंतु भाषांतर करण्याजोगे वाक्य तयार होईपर्यंत जे संभाषण व्हावे लागते, ते दोन माणसांनाच करावे लागते.

आपल्याच भाषेतील भाषांतर

आता उरला याकोबसनचा पहिला प्रकार : एकाच भाषेतील रूपांतर. अभ्यासकांनी सर्वांत कमी लक्ष दिलेला हा प्रकार संकटकाळी सर्वांत मोलाचा ठरतो, हे जपानी अनुभवावरून दिसून आले.

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात झालेल्या भूकंपात ६,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तेथे राहणाऱ्या परकीयांना जपानी नागरिकांच्या तुलनेने अधिक प्रमाणात हानी सोसावी लागली. आपत्तीच्या सूचना जपानीत होत्या आणि त्या औपचारिक चिनी-जपानी शब्दांनी भरलेल्या होत्या. प्रत्येक परकीयाच्या भाषेत तातडीने भाषांतर करणे तर अशक्यच होते. या अनुभवातून हिरोसाकी विद्यापीठातील समाजभाषावैज्ञानिक सातो काझुयुकी व त्यांचे सहकारी यांनी ‘यासाशीइ निहोंगो’, म्हणजे सुलभ जपानी, हा विचार मांडला. जपानमध्ये साधारण वर्षभर राहिलेल्या परकीयाला कळेल, अशा जपानीत सूचना द्याव्यात, असे त्याचे सूत्र होते. ‘हिनान’ (आपत्तीतून सुरक्षित जागी जाणे) या औपचारिक शब्दाऐवजी ‘निगेरु’ (पळणे) हे रोजचे क्रियापद वापरावे; ‘ताकादाइ’ (उंचवटा) याऐवजी ‘ताकाइ तोकोरो’ (उंच जागा) असे म्हणावे; वाक्ये लहान ठेवावीत; आणि ‘त्सुनामी’सारखा जो शब्द पुनःपुन्हा कानी पडणार तो न बदलता त्याच्यासोबत अर्थ सांगावा. शब्दनिवडीचे आणि वाक्यरचनेचे शास्त्र येथे थेट जीवितरक्षणाशी जोडले गेले.

हा विचार पुढे पर्यटनातही आला. फुकुओका प्रांतातील यानागावा या कालव्यांच्या गावाने २०१६ मध्ये सुलभ जपानीतून पर्यटकांचे स्वागत करण्याचा उपक्रम हाती घेतला. तैवानमधून येणाऱ्या पाहुण्यांत जपानी शिकलेले पुष्कळ असतात, आणि त्यांना आपली जपानी वापरून पाहण्याची हौस असते, हे त्यामागील निरीक्षण होते. गावातील दुकानदाराला परभाषा शिकावी लागली नाही. आपलीच भाषा पाहुण्याला पेलेल अशी बोलण्यास तो शिकला.

२०१८ च्या सप्टेंबर महिन्यात या सर्व सिद्धान्तांची परीक्षा झाली. ४ तारखेच्या वादळात ओसाकाजवळच्या कान्साइ विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली, आणि वाऱ्याने लोटलेले एक तेलवाहू जहाज आदळल्यामुळे त्या बेटाला किनाऱ्याशी जोडणारा पूल मोडला. हजारो माणसे बेटावर अडकली. दोनच दिवसांनी, ६ तारखेच्या पहाटे, होक्काइदोत भूकंप झाला आणि संपूर्ण बेटाची वीज गेली. साप्पोरो नगरप्रशासनाला पर्यटकांसाठी निवारे उघडावे लागले. वीज नाही म्हणजे प्रकाशित फलक नाहीत, आगगाड्यांच्या सूचना नाहीत, आणि काही तासांनी खिशातील दूरध्वनी व त्यातील भाषांतरयंत्रही बंद. अशा वेळी जवळच्या माणसाला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हते. या घटनांनंतर परकीय पर्यटकांसाठी वर्षभर अहोरात्र चालणारी इंग्रजी, चिनी व कोरियन भाषांतील दूरध्वनिसेवा सिद्ध करण्यात आली. परंतु दूरध्वनीही जेथे चालत नाही, तेथे अखेर सुलभ वाक्य बोलणारा शेजारी हाच माहितीकेंद्र ठरतो.

निष्कर्ष आणि मराठीचा प्रश्न

या विवेचनाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. अजिंठा व वेरूळ येथील संवर्धनाचा आणि पर्यटनविकासाचा मोठा प्रकल्प जपानच्या कर्जसाहाय्याने राबविला गेला, आणि जपानी बौद्ध यात्रिक व कलाभ्यासक या लेण्यांना भेट देत आले आहेत. त्यांच्या मार्गदर्शिकांत मात्र ‘अजंता’ आणि ‘एलोरा’ ही नावे असतात. एस. टी. बसच्या पाटीवर ‘वेरूळ’ असते. ‘एलोरा’ हे नाव ओठांवर घेऊन उभ्या असलेल्या प्रवाशासमोरून ‘वेरूळ’ची गाडी निघून जाऊ शकते, कारण त्या दोन नावांत कानाला साम्य असे फारच थोडे आहे. ‘सिंहगड फोर्ट’ या रचनेतील द्विरुक्तीला आपण हसतो; परंतु कियोमिझु-देराच्या उदाहरणावरून पाहता तीच अधिक उपयुक्त, कारण तिच्यात गावकऱ्याला ओळखता येणारे नाव शाबूत राहते.

भारत शासनाने २०१६ मध्ये पर्यटकांसाठी १३६३ या क्रमांकाची दूरध्वनिसेवा सुरू केली. ती हिंदी, इंग्रजी व जपानीसह दहा परकीय भाषा अशा बारा भाषांत आरंभिली गेली. परकीयाच्या भाषेत उत्तर मिळण्याची सोय तीमुळे झाली, ही निःसंशय मोलाची गोष्ट होय. परंतु दूरध्वनी खाली ठेवल्यावर प्रवाशाची गाठ पडते ती फर्दापूरच्या किंवा खुलताबादच्या मराठी बोलणाऱ्या माणसाशी. साखळीचा हा शेवटचा दुवा मराठीत आहे, आणि त्या बारा भाषांत मराठी नाही.

हा दुवा जोडण्याचे काम केवळ पर्यटनखात्याचे नाही. कोणते मराठी शब्द परभाषकाला लवकर उमगतात, ‘प्रस्थान’ऐवजी ‘गाडी सुटते’ आणि ‘स्थलांतर करावे’ऐवजी ‘येथून निघा’ असे म्हटल्याने आकलनात किती फरक पडतो, स्थलनामांची कोणती रोमन रूपे ऐकून गावकरी गाव ओळखतो, हे सर्व मोजता येण्याजोगे प्रश्न आहेत. जपानमध्ये ते एका प्रादेशिक विद्यापीठातील भाषावैज्ञानिकांनी हाती घेतले, आणि तेही भूकंपानंतर. पदव्युत्तर प्रबंधांसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना वेरूळच्या बसथांब्यावर एक दिवस उभे राहिल्यास पुष्कळ सामग्री मिळू शकेल.